अठरा सेकंद

१

दुपारचे साडेतीन झाले की मी विमलचे केस विंचरायचो, तिच्या डाव्या पायात पट्ट्याची चप्पल नीट बसवायचो आणि आम्ही दोघं विरंगुळा केंद्राकडे निघायचो. केंद्र आमच्या घरापासून दीडशे पावलांवर. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत प्लॉट पाडून वसवलेल्या आमच्या ले-आउटमध्ये बगिच्यासाठी सोडलेल्या जागेवर एक लांबट हॉल आहे. वर टिनाचं छत, आत दोन कूलर आणि वीसेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या. ती दीडशे पावलं चालायला आम्हाला पंधरा मिनिटं लागायची.

विमल माझी बायको. दोन वर्षांपूर्वी तिला लकव्याचा झटका आला. डावी बाजू हळूहळू सुधारली, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणायचे, घशात दोष नाही, जिभेत नाही, येईल परत. तिला सगळं समजायचं. भाजीत मीठ कमी पडलं तर ती ताटली बोटाने पुढे सरकवायची, एवढंच तिचं बोलणं उरलं होतं. पण खरं सांगायचं तर मला तिच्या बोलण्यापेक्षा हसण्याची जास्त आठवण यायची. बोलणं गेलं त्याच दिवशी तिचं हसणंही गेलं, आणि त्याबद्दल कोणत्याच डॉक्टरनं मला काही सांगितलं नव्हतं.

मी रूपराव. मूळचा नाचणगावचा. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून केंद्रात सगळे मला गुरुजीच म्हणतात. आमची मुलगी सुरभी नागपूरला असते. तिनं मला एक छोटा प्रोजेक्टर आणून दिला होता, म्हणजे बाबा आणि आई घरात कुढत बसणार नाहीत. रोज चार वाजता केंद्राच्या पांढऱ्या भिंतीवर मी काहीतरी लावायचो. कधी कीर्तन, कधी हिमालयाची यात्रा. मात्र निम्म्या मंडळींना ऐकू कमी येई आणि उरलेल्या निम्म्यांना आवाज मोठा वाटे, त्यामुळे रोज कुरबुर व्हायची.

मार्चमध्ये ताराचंदनं एक पेन ड्राइव्ह आणला. वर्ध्यात त्याचं कापडाचं दुकान, आता मुलगा बघतो. त्याचे वडील फार पूर्वी जत्रांमधून तंबूचा सिनेमा फिरवायचे. त्या काळातलं एक रीळ पेटीत राहिलं होतं, ते त्याच्या नातवानं पुण्यातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणलं होतं. सिनेमा मुका, काळा-पांढरा, साडेअकरा मिनिटांचा. सुरुवातीची पाटीच नव्हती, त्यामुळे त्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

"नाव नाई, गाव नाई," ताराचंद म्हणाला, "पण हसवते, गुरुजी. लावून तर पाहा."

२

सिनेमा साधाच होता. परदेशातली एक खानावळ. एक नवा वाढपी पहिल्या दिवशी कामावर येतो. अंगातला अ‍ॅप्रन त्याच्या पायांत येतो, तो पडतो. सूपाचं भांडं पोलिसाच्या टोपीत रिकामं होतं. पिठाचं पोतं फुटतं. जाडजूड मालकीण लाटणं घेऊन सगळ्यांच्या मागे लागते. मग सगळे एका लांब पॅसेजमधून पळत आपल्याकडे येतात आणि एकेक करत बाजूनं निघून जातात.

तिथं एक विचित्र गोष्ट होती. सगळे निघून गेल्यावरही तो पॅसेज तसाच दिसत राही. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, दोन्हीकडे भिंती, पार टोकाला अर्धवट उघडा दरवाजा. माणूस एकही नाही. असे अठरा सेकंद जात. मग एकदम स्वयंपाकघर दिसे आणि पुढची मारामारी सुरू होई. मी मनाशी ठरवून टाकलं की तिथला काही भाग गहाळ झाला असावा, किंवा काढणाऱ्याला तेव्हा कळलंच नसावं की कॅमेरा बंद करायचा राहिला.

पहिल्याच दिवशी मंडळी पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी मी हिमालय लावला तर देवकाबाईंनी तो बंद करायला लावला. देवकाबाई आमच्यात सगळ्यांत वयस्कर, ब्याऐंशीच्या. त्या म्हणाल्या की डोंगर पाहून आमच्या गुडघ्यात कळ येते, तो पडणाराच लावा. तेव्हापासून रोज चार वाजता तोच सिनेमा. रोज त्याच जागी तेच हसू. मला कोणत्या सेकंदाला कोण कसा हसतो तेही पाठ झालं. विमल मात्र हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसायची.

३

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुंडलिकराव चुकीच्या जागी हसले.

पुंडलिकराव वडनेरचे शेतकरी. गुडघे गेल्यावर मुलानं त्यांना इथं आणून ठेवलं. स्वभावानं गंभीर माणूस, हसले तरी मिशीतल्या मिशीत. त्या दिवशी रिकामा पॅसेज चालू असताना ते एकटेच खदखदून हसले. मला वाटलं, आधीच्या पळापळीचं हसू उशिरा आलं असेल. वय झालं की असं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी ते पुन्हा हसले, आणि त्यांच्या शेजारचे दोघंही. आठवड्याभरात अर्धा हॉल तिथं हसू लागला. आणि ते हसणं पिठाच्या पोत्यावरच्या हसण्यासारखं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खुर्चीचे हात धरून, धाप लागेपर्यंत लोक हसत. मी भिंतीकडे पाही. फरशी, भिंती, अर्धवट दरवाजा. मी लोकांकडे पाही. सगळ्यांची नजर भिंतीवरच्या एकाच ठिकाणी असे.

शेवटी मी पुंडलिकरावांना बाजूला घेऊन विचारलं की त्या रिकाम्या जागी हसण्यासारखं काय आहे.

"रिकामी काऊन म्हणता जी?" ते म्हणाले. "तो येते न दरवाज्यातून. अन् आदळते."

मी विचारलं, कोण? वाढपी?

"वाढपी नाई. तो दुसरा." आणि नुसत्या आठवणीनं त्यांना पुन्हा हसू फुटलं. त्याच्या अंगावर काय असतं, चेहरा कसा असतो, हे मी विचारत राहिलो, पण प्रत्येक वेळी ते सांगायला तोंड उघडायचे आणि हसण्यात शब्द वाहून जायचे.

मी सिनेमा त्याच दिवशी बंद करू शकलो असतो. करावा असं मनात आलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी त्या अठरा सेकंदांत माझ्या उजव्या हाताला एक आवाज झाला. घशात अडकलेलं काहीतरी सुटावं तसा. मी वळून पाहिलं तर विमल हसत होती. तोंडाची डावी बाजू नीट वर जात नव्हती, पण खांदे हलत होते, डोळे ओले झाले होते. दोन वर्षांनी.

मग मी कसा बंद करणार?

४

घरी मी लॅपटॉपवर तो भाग एकेक चित्र थांबवून पाहिला. अठरा सेकंदांची चारशेच्या वर चित्रं होती, दोन दुपारी त्यातच गेल्या. एकाही चित्रात माणूस नव्हता. दरवाज्याची फट पहिल्या चित्रात जेवढी, शेवटच्या चित्रातही तेवढीच. विद्यार्थ्यांना मी आयुष्यभर सांगत आलो की एकाच्या जांभईनं वर्गभर जांभया येतात, तसंच हसण्याचंही असतं. एक हसला की दुसरा हसतो आणि मग प्रत्येकाला वाटतं की आपणही काहीतरी पाहिलं. हे स्पष्टीकरण मला पटलं होतं. आजही कागदावर लिहिलं तर पटेल.

पण मग एक दिवस देवकाबाई निघताना माझ्यापाशी थांबल्या. त्या दिवशी त्या फारशा हसल्या नव्हत्या.

"गुरुजी, पहिले तो दरवाज्यापाशीच पडे," त्या म्हणाल्या. "आता अर्ध्यात येऊन पडून राह्यला."

मी म्हटलं, सिनेमा तोच आहे, देवकाबाई, त्यात रोज वेगळं काय होणार.

"सिनेमा तोच हाय," त्या म्हणाल्या. "तो रोज थोडा इकडं येते. पडते, उठते, अजून पडते. मले तं आता त्याच्या बुटाचे तळवे दिसतात." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू दाबण्यासाठी की आणखी कशासाठी, ते मला कळलं नाही.

त्यानंतर तीनच दिवसांनी पुंडलिकराव घरातल्या घरात पडले. मांडीचं हाड मोडलं. ताराचंदनं ही बातमी हॉलमध्ये सांगितली तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. ताराचंदही हसला आणि हसताना त्याचा चेहरा असा झाला होता की जणू कोणी त्याला गुदगुल्या करतंय आणि त्याला त्या नको आहेत.

मी पुंडलिकरावांना भेटायला दवाखान्यात गेलो. पाय वजन बांधून टांगला होता. कसे पडलात म्हणून विचारलं.

"त्याच्यासारखाच," ते म्हणाले. "त्याचा पाय मधात आला न." दुखण्यानं त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तरीही पोट हसण्यानं हलत होतं. सून बाजूला उभी राहून रडत होती.

म्हातारी माणसं पडतात. बाथरूममध्ये, ओट्यावर, अंगणात. आमच्या ले-आउटमध्ये दरवर्षी दोघं-तिघं पडतात. परतताना ऑटोमध्ये मी हेच मनाशी घोकत होतो.

५

दुसऱ्या दिवशी मी पेन ड्राइव्ह घरी कपाटात कुलपात ठेवला आणि केंद्रात जाऊन सांगितलं की प्रोजेक्टर बिघडला, आजपासून कॅरम आणि पेपर. कोणी तक्रार केली नाही. याचंच मला नवल वाटलं. कोणी कॅरमकडेही गेलं नाही. सगळे नेहमीसारखे आपापल्या खुर्चीवर बसले. विमलही बसली. कूलरचं पाणी टपटपत होतं, बाहेर लिंबाच्या झाडावर एक होला घुमत होता. समोर भिंत. त्यावर काहीच नव्हतं, चुन्याचे पोपडे आणि एक खिळा.

मी बोलायला सुरुवात केली, उन्हाळ्यात पाणी किती प्यावं वगैरे. माझं कोणी ऐकत नव्हतं. मी घड्याळात पाहिलं. चार वाजून सहा मिनिटं झाली होती. रोज चारला सिनेमा सुरू झाला की तो पॅसेज साधारण याच वेळी येई.

आणि ते हसले. एकदम, सगळे मिळून, कोऱ्या भिंतीकडे पाहून. सोळा माणसं. मी सेकंद मोजले. अठरा झाले आणि हसू बटण दाबल्यासारखं थांबलं. मग ते नाकं पुसू लागले, चष्मे पुसू लागले. एकमेकांकडे मात्र कोणी पाहिलं नाही.

मी विमलचा हात धरला आणि तिला घरी घेऊन आलो. पुन्हा तिथं जायचं नाही असं ठरवलं.

६

आमचं घर लांबट आहे. पुढे हॉल, मध्ये पॅसेज, पॅसेजच्या दोन्ही बाजूंना एकेक खोली आणि टोकाला स्वयंपाकघर. घर बांधताना जागा तशीच होती, त्यात दुसरं काही कारण नाही. फरशी फिक्या पिवळ्या रंगाची. विमलची खुर्ची हॉलमध्ये टीव्हीसमोर असे.

केंद्रात जाणं बंद केलं त्याच्या पहिल्याच दिवशी चारच्या सुमाराला मी चहा घेऊन आलो तर तिनं खुर्ची वळवून पॅसेजकडे तोंड केलं होतं. एका हातानं तिनं ती जड खुर्ची कशी वळवली कोण जाणे. चार वाजून सहा मिनिटांनी ती हसली. मी पॅसेजकडे पाहिलं. स्वयंपाकघराचा पडदा, पाण्याचा माठ, फरशी. मी मुद्दाम टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. तिचे डोळे माझ्या मागे, फरशीवर होते.

असं रोज होऊ लागलं. चौथ्या दिवशी मला आवाज ऐकू आला. तुरीचं पोतं खांद्यावरून खाली टाकावं तसा, धप्प. मी सगळ्या खोल्या पाहिल्या. पलीकडच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, तिथं विटा उतरवत असतील असं म्हटलं आणि गच्चीवर जाऊन पाहिलं. त्या दिवशी रविवार होता. काम बंद होतं.

नंतरच्या दिवसांत आवाज जवळ येत गेला आणि विमलचं हसू कमी कमी होत गेलं. मी सुरभीला फोन लावून आईला आठवडाभर तुझ्याकडे आणतो म्हणून सांगितलं. तिनं कारण विचारलं. मी ऊन सांगितलं. शनिवारी निघायचं ठरलं.

शुक्रवारी विमल हसली नाही. चार वाजून सहा मिनिटं झाली, आवाज झाला, अगदी हॉलच्या उंबरठ्यापाशी, आणि तिच्या तोंडावर हसू आलंच नाही. लहान मूल पडलं की बाईच्या चेहऱ्यावर जे येतं ते आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"अवो," ती म्हणाली, "हात द्या न त्याले."

दोन वर्षांनी मी तिचा आवाज ऐकत होतो. थोडा जाड झाला होता, पण तिचाच होता.  मी विचारलं, काय म्हणालीस?

"उठता येऊन नाई राह्यलं त्याले. कवाचा पडून हाय." तिचा श्वास लागला होता. "द्या न."

मी खाली पाहिलं. डोळ्याचं पातं लवावं तेवढाच वेळ. उंबरठ्यापलीकडे बुटांचे दोन तळवे होते, टाचा झिजलेल्या, माझ्याकडे केलेले. ते करड्या रंगाचे होते. आणि त्यांच्याखालची दोन हात फरशीही करडी होती, तिच्यात पिवळा रंग उरलाच नव्हता. मी पापणी मिटून उघडली तेव्हा तिथं आमची रोजची फरशी होती.

मला भीती वाटली का? सगळ्यात आधी मला आनंद झाला होता, हे खोटं कशाला सांगू. ती बोलली होती. तिनं दोन वर्षांत मला पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. ती म्हणाली असती की विहिरीत हात घाला, तरी मी घातला असता. मी वाकलो आणि रिकाम्या जागेत हात पुढे केला, शाळेत मैदानावर पडलेल्या पोरांपुढे करायचो तसा.

हाताला वजन आलं.

एका भरल्या अंगाच्या माणसाचं वजन. मी ओढला गेलो, पाय घसरला, आणि कमरेत काहीतरी मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. पडल्या पडल्या मी विमलकडे पाहिलं. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती माझ्या वरून पलीकडे पाहत होती, मान हळूहळू उंच करत.

७

ऑपरेशन झालं, खुब्यात प्लेट टाकली. बारा दिवसांनी घरी आणलं. सुरभी रजा काढून आली होती. खोलीत पलंगाभोवती फिरायला जागा नाही म्हणून तिनं माझा पलंग हॉलमध्ये लावला, डोकं पॅसेजकडे, पाय दाराकडे, म्हणजे समोरून वारा येईल. मी तिला पलंग फिरवायला सांगितलं. ती म्हणाली की कूलरची वायर तिकडे पुरत नाही. कुशीवर वळायची मला मनाई होती.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, पाय घसरला. सुरभीलाही तेच. आई बोलायला लागली या आनंदात तिनं फार खोदून विचारलं नाही. विमल आता रोज थोडं थोडं बोलते. पाणी मागते, शेजारणीची चौकशी करते. त्या शुक्रवारबद्दल मात्र मी काही विचारलं की ती पाण्याचा पेला पुढे करते.

काल दुपारी केंद्रातली मंडळी भेटायला आली. ताराचंद, देवकाबाई आणि आणखी दोघं. त्यांनी मोसंबी आणली होती. विमलच्या शेजारी खुर्च्या टाकून ते माझ्या पायांकडे बसले. पुंडलिकरावांचे टाके काढल्याचं सांगितलं, उन्हाचं बोलणं झालं. केंद्रात आता कोणी हसत नाही, असं ताराचंद म्हणाला. चार वाजता येतात, बसतात अन् उठून जातात. भिंतीवर कोणीच येत नाही आता.

मग त्याचं बोलणं मध्येच थांबलं. तो माझ्या डोक्यावरून मागे पाहत होता. देवकाबाईही. बाकीचे दोघंही. सगळ्यांच्या नजरा एकाच उंचीवर होत्या, उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर. आणि त्या नजरा सावकाश जवळ येत होत्या. मला वळून मागे पाहता येत नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांवरून अंतर मोजत होतो.

"ताराचंद," मी विचारलं, "काय पाहून राह्यला?"

"काई नाई, गुरुजी," तो म्हणाला आणि त्यानं खाली पाहिलं.

तेवढ्यात सुरभी स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन पॅसेजमधून आली. तिनं तो सिनेमा कधीच पाहिला नव्हता. तिला मी त्यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. ती माझ्या उशीपाशी आली आणि एकदम बाजूला झाली, वाटेत कोणी उभं असलं की आपण होतो तशी. ट्रेमधले कप किणकिणले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे कोण?"

उत्तर विमलनं दिलं. फार मायेनं.

"बसू दे त्याले, बाई. लय थकला हाय."

आणि माझ्या डोक्यापाशी गादी दबली.